व्हॉल्व्हची बाही

आमच्या घरात भांडण मराठीत व्हायचं. एरवी आमची आमची मुसलमानी बोली चालायची, पण बायकोला राग आला की ती सरळ गावच्या मराठीवर यायची. कुणाचं चुकलंय ते शेजारणीलाही कळलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. त्यामुळं तिची जी वाक्यं माझ्या कानात राहिली आहेत ती बहुतेक मराठीतच आहेत, आणि बहुतेक माझ्याविरुद्धच आहेत. तिला जाऊन आता आठ महिने झाले. घर आष्ट्यात आहे, मुलगी साताऱ्याला दिलीय, मुलगा नोकरीसाठी लांब आहे. मी एकटा आहे. एकट्याला चहा जमतो, भाकरीही वाकडीतिकडी जमते. भांडण जमत नाही. मी करून बघितलंय.

मी पिंजारी. आजा आणि वडील खांद्यावर पिंजण टाकून गावोगाव फिरले, लोकांच्या ओट्यावर बसून त्यांच्या गाद्या-उशांचा कापूस पिंजून दिला. पिंजण म्हणजे माणसाएवढं लाकडी धनुष्य. त्याची तांत कापसात धरायची आणि लाकडी ठोकळ्यानं ताणून सोडायची, की दाबलेला कापूस सुटतो आणि फुलतो. मी दहावी पास झालो तेव्हा वडिलांना वाटलं पोरगा कुठंतरी कचेरीत चिकटेल. चिकटलो नाही. पिंजणच हातात आलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडत होतं. गादीत गाठ राहिली तर ती आमच्या घरची नव्हे, असा आमचा तोरा होता.

लग्नाला दीड-दोन वर्षं झाली असतील. उसाच्या पट्ट्यातल्या एका साखर कारखान्याच्या बॉयलर खात्यातले मुकादम पत्ता विचारत घरी आले. "टर्बाइनला गाद्या शिवायच्या हायत. जमंल का?" मला वाटलं, थट्टा करतोय. यंत्राला कसली गादी? त्यांनी समजावून सांगितलं. वाफेचे पाइप आणि टर्बाइन यांची उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून त्यांना वरून जाड वेष्टण लागतं. गाळप हंगाम संपला की जुनं ओरबाडून काढायचं आणि दसऱ्याच्या सुमारास बॉयलर पेटायच्या आत नवं चढवायचं. त्याचा कापूसही वेगळा होता. मुकादमांनी पिशवीतून मूठभर पांढरट तंतू काढून आमच्या चुलीत टाकले. जाळात लाल झाले, बाहेर काढले तर तसेच्या तसे. "दगडातनं काढत्यात," ते म्हणाले. "जळत न्हाई, कुजत न्हाई, उंदीर खात न्हाई." बायको दारातून बघत होती. तिनं त्या तंतूंना बोट लावून बघितलं.

माल आला तेव्हा पोत्यांवर इंग्रजीत नाव छापलेलं होतं. ॲसबेस्टॉस. दहावी पास माणूस मी, अक्षर-अक्षर लावून वाचलं आणि घरात ऐटीत सांगितलं. पुढं आम्ही त्याला दगडी कापूसच म्हणत राहिलो. रिकाम्या पोत्यांची तिनं पायपुसणी केली. त्याच तंतूंचं कापडही यायचं, त्याच्या उरलेल्या तुकड्यांची तिनं चुलीवरची भांडी उतरवायला फडकी केली. शेजारणी मागून न्यायच्या.

कारखान्याला हा कापूस पिंजून नको होता. पोत्यातून काढायचा, कापडाच्या खोळीत ठासायचा, टाके मारायचे, एवढंच काम. पण तो पोत्यात दाबून दाबून ढेकळं झालेला यायचा. असल्या ढेकळांची गादी मी माझ्या हातानं शिवून देऊ? कुठल्या पिंजाऱ्याची म्हणून कुणी विचारलं तर काय तोंड दाखवू? मी खोलीत पिंजण टांगलं आणि दगडी कापूस पिंजायला घेतला. मला कुणी सांगितलं नव्हतं. मुकादम उलट म्हणाले होते, "एवढी म्हेनत कशाला घेतूस रं?" मी हसलो होतो. लग्नातल्या गादीचा पिंजतात त्याहून बारीक पिंजला मी तो. साधा कापूस उडाला तर थोड्या वेळानं खाली बसतो. हा बसायचा नाही. कौलातल्या काचेतून उन्हाचा पट्टा यायचा, त्यात तो दिवसभर चमकत तरंगायचा. वाऱ्यानं माल उडू नये म्हणून मी दार-खिडकी लावून घ्यायचो. हे लिहिताना हात थांबतो. ही चूक दुसऱ्या कुणी केली असेल असं मला वाटत नाही. ती करायला पिंजारी असावं लागतं आणि आपल्या हाताची घमेंड असावी लागते. माझ्याकडं दोन्ही होतं.

सरळ पाइपाची गादी सोपी. अडलं ते व्हॉल्व्हपाशी. तिथं पाइपाला एक आडवा फाटा फुटतो, वर चाक असतं. त्या वळणावर माझी गादी उघडी पडायची. दोनदा परत आली. तिसऱ्यांदा आली तेव्हा मी कपाळाला हात लावून बसलो. बायको गल्लीतल्या बायकांची पोलकी शिवायची. तिनं ती गादी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाली, "आवं, ह्यो तर हात हाय. खांद्याला बाही लावत्यात तशी लावा की."

"तुला काय कळतंय त्यातलं," मी म्हणालो.

तिनं वर्तमानपत्राचा कागद घेतला, मला मापं सांगायला लावली आणि काखेतल्या गोलाईसकट बाही कापली. चाकासाठी मधे भोक ठेवलं. त्या कागदावरून कापलेली गादी व्हॉल्व्हवर अशी बसली की मुकादमांनी चार माणसं बोलावून दाखवली.

वर्षभरात सगळंच शिवण तिच्याकडं गेलं. मी पिंजायचो. ती खोळी कापायची, हातानं कापूस भरायची, दाभणानं टाके घालायची. गादी मांडीवर आणि तोंड अगदी टाक्यापाशी. संध्याकाळपर्यंत तिच्या भुवया, केस, पापण्या पांढऱ्या व्हायच्या. "म्हातारी झाले बगा," म्हणून हसायची आणि अंगणात जाऊन पदर झटकायची. माझे कपडेही तीच झटकायची, तीच धुवायची. मुलगी त्याच खोलीत पाळण्यात असायची.

कारखान्यात मात्र गाद्या माझ्या होत्या. "हात लय बारीक हाय गड्या तुजा," म्हणून मुकादम पाठ थोपटायचे आणि मी थोपटून घ्यायचो. बायकोच्या जिवावर खातो असं कुणी म्हणू नये, ही पहिली भीती. बाईचं काम म्हटलं तर गाद्या घेणार नाहीत, ही दुसरी. पुढं पुढं कसलीच भीती उरली नाही, तेव्हा सांगायचं राहूनच गेलं. ती चिडवायची, "आवं, तुमचा हात लय बारीक म्हनं. दाखवा बरं." मी माझी जाड बोटं पुढं करायचो आणि ती त्यांना दाभणाचं टोक टेकवायची. चौदा वर्षं असं चाललं. आमच्या गाद्या साताऱ्याकडच्या कारखान्यांतही गेल्या. मग काचेची लोकर आली, ठेकेदार आले, आमचं काम सुटलं. पुढं फोमच्या गाद्या आल्या आणि पिंजणही सुटलं.

दोन वर्षांपूर्वी तिला नमाजात वाकलं की दम लागायला लागला. मिरजेला एका दवाखान्यात नेलं. छातीचा फोटो काढला, डाव्या फुप्फुसाच्या बाजूला पाणी झालेलं. पाठीतून सुई घालून त्यांनी बाटलीभर पाणी काढलं. मग डॉक्टर मला विचारायला लागले, कारण आमच्याकडं बाईबद्दलचं नवऱ्यालाच विचारतात. "काम काय करतात या? पूर्वी कुठं कामाला होत्या? धुळीत, गिरणीत?"

तिनं माझ्याकडं बघितलं.

"न्हाई साहेब," मी म्हणालो. "घरीच असती."

मी खोटं बोलतोय असं मला वाटलंसुद्धा नाही. इतकी वर्षं तेच बोलत आलो होतो. त्यांनी कागदावर गृहिणी लिहिलं. आमच्या भागात छातीत पाणी म्हटलं की आधी टीबीचाच विचार होतो, तसा तो झाला. सहा महिन्यांच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी लघवी केशरी व्हायची, ती घाबरायची. खाल्लेलं पोटात राहायचं नाही. गोळी चुकता कामा नये असं बजावलेलं होतं, म्हणून मी रोज सकाळी समोर बसायचो आणि गिळली की तोंड उघडून दाखवायला लावायचो. एकदा तिनं गोळी जिभेखाली लपवली. मी तिच्यावर ओरडलो, तोही मराठीत. पाणी पुन्हा पुन्हा भरत राहिलं.

शेवटी मुलगी आम्हाला साताऱ्याला घेऊन गेली. तिथली डॉक्टर मुलीच्याच वयाची होती. तिनं फुप्फुसावरच्या पडद्याचा तुकडा काढून तपासायला पाठवला आणि पंधरा दिवसांनी आम्हाला समोर बसवलं. मेसोथेलिओमा म्हणाली. फुप्फुसाभोवती जो पडदा असतो त्याचा कॅन्सर. "काका, हा आजार बहुतेक एकाच गोष्टीनं होतो. ॲसबेस्टॉस नावाचं काही तुमच्या घरात, कामात आलं होतं का?"

पोत्यावर अक्षरं लावून वाचलेला शब्द चाळीस वर्षांनी तिच्या तोंडून ऐकला. मी सगळं सांगितलं. कारखाना सांगितला, पोती सांगितली, पिंजण सांगितलं. मी पिंजायचो, मी शिवायचो. सगळं मी. डॉक्टरनं विचारलं, "आणि मावशी?"

"ती माजे कपडे धुवायची," मी म्हणालो.

डॉक्टरनं मान हलवली. असं होतं, म्हणाली. कामगारांचे कपडे झटकून धुणाऱ्या बायकांनाही हा आजार झालेला आहे. तंतू श्वासातून आत जातात, पडद्यापर्यंत पोचतात आणि बाहेर निघत नाहीत. तीस-चाळीस वर्षं काही कळत नाही. तिनं कपड्यांचं कागदावर लिहून घेतलं. मुलगी तेव्हा बाहेर औषधाच्या रांगेत होती. बायको टेबलाच्या कडेकडं बघत बसली होती. डॉक्टरनं माझाही फोटो काढायला लावला. माझ्या पडद्यावर थोडे डाग निघाले, आजार नाही. ज्यानं पिंजला तो धडधाकट. मला आनंद व्हायला हवा होता, पण लाज वाटली.

परतीच्या एसटीत कराड येईपर्यंत ती तिकिटाच्या घड्या घालत होती. मग एकदम मराठीत सुरू झाली, पुढच्या बाकावरच्या माणसानं मान वळवावी अशा आवाजात. "कपडे धुतले व्हय मी? चौदा वरसं निस्ते कपडे धुतले?"

"हळू बोल," मी म्हणालो.

"हळूच बोलत आले की आजपतोर. त्या डाक्टरनीनं लिवून घेतलं, कपडे धुवायची म्हनं. त्या बाह्या कुनी कापल्या? ती दाभनं कुनी मोडली?"

"मग तूच का सांगितलं न्हाईस?"

ती माझ्याकडं वळली. "मी सांगितलं असतं तर तुमी खोटं पडला असता. मिरजंला बी आनि हितं बी. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं माज्यानं हुयाचं न्हाई. तुमी सांगायचं. तुमच्या तोंडानं." एवढं बोलून तिला दम लागला. मी पाण्याची बाटली पुढं केली. पुढच्या खेपेला सांगतो, म्हणालो. "बगा हां," ती म्हणाली आणि खिडकीकडं तोंड केलं.

पुढची खेप आलीच नाही. तिला गाडीत बसवेना. औषधं मुलगी पाठवायची. एकदा बायको म्हणाली, "फोन लावा की डाक्टरनीला." मी म्हणालो, असल्या गोष्टी फोनवर सांगतात का? तू जरा बरी हो, दोघं मिळून जाऊ, समोरासमोर सांगतो. मी तिला फसवत नव्हतो. मी खरंच जाणार होतो. दीड महिन्यात एका शुक्रवारी सकाळी ती गेली.

चाळिसावा झाला, पाहुणे गेले, मुलगी माझ्या कपड्यांच्या घड्या घालून साताऱ्याला गेली. सुई शोधायला म्हणून मी तिच्या मशीनचा खण उघडला. माझ्या सदऱ्याचं बटण तुटलं होतं, तिच्या मागं तुटलेलं पहिलं बटण. खणात पोलक्यांचे कागदी कापे होते आणि त्यांच्या तळाशी दोऱ्यानं बांधलेली एक गुंडाळी. सोडली तर पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राच्या बाह्या. व्हॉल्व्हच्या. मधे चाकासाठी भोक, कडेला पेन्सिलीनं तिच्या तिच्या खुणा, वरच्या बाजूला एक रेघ आणि खालच्या बाजूला दोन. मी एक बाही माझ्या दंडावर गुंडाळून बघितली. फार मोठी होती. मी तिथं फरशीवर बसून राहिलो. सुई शोधायची राहिली.

दुसऱ्या दिवशी ती गुंडाळी पिशवीत घालून साताऱ्याला गेलो. मुलीला सांगितलं नाही. दवाखान्यात नंबर लावला. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "पेशंट कुठाय?" मी म्हणालो, पेशंट नाही, मला डॉक्टरांशी बोलायचंय. तीन तास बाकावर बसलो. आजूबाजूच्या प्रत्येक म्हाताऱ्याबरोबर कुणीतरी होतं.

डॉक्टरनं मला ओळखलं. मी कागद टेबलावर पसरला. "ब्लाउजचा कापा आहे का हा, काका?" तिनं विचारलं.

"व्हॉल्व्हचा," मी म्हणालो. "हिनं कापलाय. सगळ्या गाद्या हिनं शिवल्या. मी निस्ता पिंजत होतो."

एकदा सुरुवात झाल्यावर अवघड गेलं नाही. चाळीस वर्षं जे तोंडातून निघत नव्हतं ते सांगायला पाव तास पुरला. डॉक्टर विचारत गेली. रोज किती वेळ? तोंड किती जवळ? खोली एकच का? मी सांगत गेलो. मुलगी आणि मुलगा त्याच खोलीत लहानाचे मोठे झाले, हेही सांगितलं. दोघांची तपासणी आता दर वर्षी होणार आहे. मग मी जे विचारायला आलो होतो ते विचारलं. मिरजेला पहिल्याच दिवशी मी खरं बोललो असतो तर?

तिनं पेन खाली ठेवलं. मला बरं वाटावं म्हणून काहीतरी बोलून टाकता आलं असतं तिला. "आजार हाच राहिला असता, काका," ती म्हणाली. "तो मुळातून बरा करणारं औषध आमच्याकडं नाही."

"आनि टीबीच्या गोळ्या?"

"त्या कदाचित द्याव्या लागल्या नसत्या. शंका आधी आली असती."

तिच्या आयुष्याचे शेवटचे सहा धड महिने मी समोर बसून तिच्याकडून त्या गोळ्या गिळवून घेतल्या. तोंड उघडायला लावलं. मला रडू आलं. पासष्टी ओलांडलेला माणूस मी, त्या पोरीच्या वयाच्या डॉक्टरसमोर हुंदके देऊन रडलो. तिनं दार लावून घेतलं आणि मला रडू दिलं. मग फाइल ओढून मिरजेच्या कागदावरून उतरलेल्या गृहिणी या शब्दावर रेघ मारली आणि खाली लिहिलं, ॲसबेस्टॉसच्या गाद्या शिवण्याचे काम, चौदा वर्षे. फाइल माझ्याकडं फिरवली. मी दोनदा वाचलं. ते वाचायला जी हवी होती ती नव्हती, याचा मला इतका राग आला की फाइल मिटून मी जरा जोरातच ठेवली. डॉक्टरनं कागदाच्या बाहीचा मोबाइलवर फोटो घेतला. कागद मी घडी करून परत पिशवीत ठेवला.

स्टँडवर आष्ट्याची गाडी लागायला वेळ होता. बाकावर शेजारी मेढ्याकडची एक बाई बोचकं घेऊन बसली होती, माझ्याच वयाची. बोलकी होती.

"कुनीकडं जायचं?"

"आष्ट्याला."

"हिकडं कशापायी आलता?"

"बायकोचं काम हुतं जरा."

"काय करत्यात मंडळी?"

तोच प्रश्न. ह्या वेळी माझ्याकडं बघायला कुणी नव्हतं. "साखर कारखान्याच्या टर्बाइनच्या गाद्या शिवायची," मी म्हणालो. "व्हॉल्व्हची बाही तिच्यासारखी दुसऱ्या कुनाला जमायची न्हाई. मला बी जमली न्हाई."

बाईला टर्बाइन कळलं नसावं, व्हॉल्व्हही कळला नसावा. पण तिनं मान डोलावली. "लय हुशार म्हनायच्या," ती म्हणाली. तेवढ्यात मेढ्याची गाडी आली. ती बोचकं उचलून उभी राहिली आणि जाता जाता सहज म्हणून विचारलं, "मग आता घरीच असत्यात व्हय?"

"न्हाई," मी म्हणालो. "आता घरी न्हाई."